अनुभवाचा रकाना

वऱ्हाडात ऊन लवकर तापतं, म्हणून मैदानं त्याच्या आधीच जागी होतात. अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणाकडे पहाटे गेलं की पोरं दोरीवरच्या उड्या मारताना दिसतात. उजाडायला वेळ असतो, आणि दोरी जमिनीवर आपटल्याचा तेवढा एक आवाज लयीत चालू राहतो. खिडकीच्या गजांवर हाताला गुंडाळायची बँडेजं वाळत पडलेली असतात. सांध्यांवर जिथे ती ताणली जातात, तिथे कापड विरलेलं असतं. मी अमरावतीची. अकोल्यात मुक्काम पडला तर ही पहाट मी सहसा चुकवत नाही.

अकोल्यानं बॉक्सिंगमध्ये नाव कमावलं, त्यात क्रीडा प्रबोधिनीचा वाटा मोठा आहे. राज्य शासनानं 1996 मध्ये ही योजना सुरू केली. शाळकरी वयाची मुलं निवडायची, वसतिगृहात ठेवायची, सांभाळायची, घडवायची. आईबाप गावी, मूल इथं. काय खायचं, किती झोपायचं, वजन किती ठेवायचं, सगळं रिंग ठरवते. आणि मग एका वर्षी वय संपतं. ज्याचं पदक मोठं तो पुढच्या शिबिराला जातो. बाकीचे पत्र्याची पेटी उचलून एस.टी. स्टँडवर येतात. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर टाकतात, तसं काहीतरी त्या दिवशी त्यांचं होतं. जमीन तीच असते, पण तिला आता त्यांचं काम उरलेलं नसतं.

अशाच एका मुलाला मी झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरताना पाहिलं. पंचविशीचा असेल. नाकाचं हाड किंचित सरकलेलं, हातात प्रमाणपत्रांची जाड फाईल, एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेला. अर्ज एका खासगी नोकरीचा होता. ‘अनुभव’ या रकान्याशी तो थांबला. पेन तसंच हातात धरून मला म्हणाला, “ताई, इथं काय लिहू? अनुभव तं काईच नाई माह्यापाशी.”

मी ती फाईल चाळली. शाळेत असल्यापासून हा मुलगा रोज पहाटे उठत आला होता. वजनाच्या काट्यावर उभं राहायचं म्हणून आदल्या दिवशी घोटभर पाण्यावर राहिला होता. अनोळखी राज्यांत, भाषा येत नसताना, जनरलच्या डब्यातून लहान पोरांना घेऊन गेला होता आणि एकही न हरवता परत आणली होती. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या प्रशिक्षकाला नमस्कार केला होता. यातलं काही अनुभवात मोडतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. मला ती रेघ सहन झाली नाही. आम्ही नवीन अर्ज घेतला आणि सगळं लिहून काढलं.

आपल्याकडे खेळाडूच्या पुढच्या आयुष्याचा विचार झालाच नाही असं नाही. महाराष्ट्रात 2005 पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, वयातही 5 वर्षांची सवलत आहे. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते, म्हणून अकोल्याचा मुलगाही अमरावतीला फाईल घेऊन येतो. दहावी-बारावीत क्रीडागुण मिळतात. त्यातून घरं उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून क्रिकेट खेळला. त्यानंच सांगितलंय की त्याला जायचं होतं सैन्यदलात, आणि क्रिकेट धरलं ते सवलतीच्या गुणांसाठी. विदर्भाचाच वेगवान गोलंदाज उमेश यादव, त्यानं भारतीय संघाआधी पोलीस भरतीचा दरवाजा ठोठावला होता. रिझर्व्ह बँकेची नोकरी त्याला मिळाली 2017 मध्ये, तोवर जगानं त्याचा वेग पाहिला होता.

विदर्भातल्या घराला खेळातून काय हवं असतं, ते या दोघांच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. पक्की नोकरी. त्यात कमीपणा काहीच नाही. पण हा रस्ता फार अरुंद आहे. आधी पहिल्या तिघांत यायचं, मग जागा निघायची वाट पाहायची. चौथ्या आलेल्याला पोलीस भरतीच्या मैदानात सगळ्यांबरोबर 1600 मीटर धावायचं असतं. आणि नोकरी मिळाली म्हणजे निभावलं असंही नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, 1955 मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांना पेन्शनसाठी झगडावं लागलं.

म्हणूनच मला आमच्या हव्याप्र मंडळाचं मोल वाटतं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये उभं केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवले, हे अमरावतीकर अभिमानानं सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला मंडळानं शिकवायलाही शिकवलं. उन्हाळी वर्ग चालवले, 1967 मध्ये शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय काढलं. इथं घडलेले शिक्षक कुठकुठल्या राज्यांत शिट्टी गळ्यात अडकवून उभे आहेत. शरीर थकलं तरी शरीराचं ज्ञान थकत नाही, आणि त्यावर माणूस सन्मानानं जगू शकतो, हे या गावाला फार लवकर कळलं होतं.

जगात याची आता व्यवस्थाच झाली आहे. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून खेळाडूला खेळत असतानाच शिक्षण आणि नोकरीचा सल्लागार मिळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2005 मध्ये असा उपक्रम हाती घेतला. आपल्या केंद्र सरकारनं 29 ऑगस्ट 2024 ला ‘रिसेट’ ही योजना आणली. 20 ते 50 वयाच्या निवृत्त खेळाडूंना ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेमार्फत अभ्यासक्रम शिकता येतात, अकरावीपर्यंतच शिकलेल्यांसाठीही वेगळी सोय आहे. चांगलं पाऊल आहे, मनापासून वाटतं. फक्त ते निवृत्तीनंतर पडतं. तोवर मुलानं रेघ ओढलेली असते.

हे काम प्रबोधिनीत मूल येतं त्याच वर्षी सुरू व्हायला हवं. मसाजिस्ट, पंच, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ विश्लेषक, व्यायामशाळेचा व्यवस्थापक, ही सगळी कामं खेळाच्या कुशीतलीच आहेत. पंचाची परीक्षा देता येते, हे त्या मुलांना सतराव्या वर्षी कळलं पाहिजे. अकोला-अमरावतीत विद्यापीठं आहेत, महाविद्यालयं आहेत, मंडळासारखी जुनी संस्था आहे. आठवड्यातला एक तास आणि एक जबाबदार माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. पालकांनीही प्रशिक्षकाला पदकाबरोबर हेही विचारावं.

आणि तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, जिनिंगमध्ये असा मुलगा किंवा अशी मुलगी फाईल घेऊन आली, तर गुणपत्रिका पाहून परत पाठवू नका. हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तू काय केलंस, एवढं विचारा. उत्तर पूर्ण ऐकून घ्या, आणि मगच ठरवा.