बटुदीर्घिकांमधला फिकट वायू

शेजारच्या अनियमित बटुदीर्घिकांमध्ये तारे थोडे आणि हायड्रोजन वायू बराच असतो. हा वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात या लहरींवर पीएचडीची मोलाची कामे झाली, ती नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या जोरावर.

या दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती चौकात दाटीने उभ्या आहेत. बाकीच्या तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. जवळच्या अँटेनांच्या जोड्या पसरलेला विरळ वायू टिपतात, लांबच्या जोड्या बारकावे दाखवतात. त्यामुळे एकाच निरीक्षणातून ढोबळ आणि सूक्ष्म असे दोन्ही नकाशे निघतात. एनजीसी ३७४१ या बटुदीर्घिकेची वायूची तबकडी तिच्या दृश्य त्रिज्येच्या आठपटीहून दूर पसरली आहे, हे २००५ मध्ये याच दुर्बिणीने दाखवले. फक्त सूक्ष्म नकाशा काढला असता, तर कडेचा हा वायू गोंगाटात हरवला असता.

नकाशाआधीची सफाई कंटाळवाणी असते, पण निकाल तिथेच ठरतो. बिघडलेल्या अँटेनांचा आणि बाहेरच्या व्यत्ययाचा डेटा काढून टाकला, की पार्श्वभूमीचे, सगळ्या वारंवारतांवर पसरलेले अखंड उत्सर्जन वजा करायचे. त्यासाठी वायूचा अंश नसलेले वारंवारतेचे पट्टे (चॅनल) निवडावे लागतात. निवड चुकली, तर पार्श्वभूमीबरोबर फिकट वायूही वजा होतो आणि नकाशा मात्र स्वच्छ दिसतो.

खरी कसोटी वेगाची. कॅमेलोपार्डालिस बी या अतिशय फिकट दीर्घिकेतल्या वायूचा वेग आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि उलरिख हॉप यांनी सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर इतक्या बारकाईने मोजला. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. परिभ्रमणाचा कमाल वेग निघाला सेकंदाला जेमतेम ७ किलोमीटर. वायूची सैरभैर हालचालही जवळपास तेवढीच. या हालचालीतून दाब निर्माण होतो आणि गुरुत्वाकर्षणाचा काही भार तोच पेलतो. म्हणून नुसत्या परिभ्रमणावरून काढलेले वस्तुमान कमी भरते. दुरुस्तीसाठी केंद्रापासून बाहेर जाताना वायूची घनता कशी घटते ते लागते, आणि ते नकाशातूनच मिळते. एकूण वस्तुमानातून तारे आणि वायू वजा केले की उरते ते कृष्णद्रव्य; सफाईतली चूक अशी थेट त्याच्या आकड्यापर्यंत पोचते. ही दुरुस्ती केल्यावर कॅमेलोपार्डालिस बी मध्ये केंद्रापासून कडेपर्यंत कृष्णद्रव्याचेच प्राबल्य आढळले.

एका दीर्घिकेवरून नियम बांधता येत नाही. पुढे जीएमआरटीच्याच ‘फिग्ज’ सर्वेक्षणात अशा अनेक दीर्घिका पाहिल्या गेल्या. त्यांच्या वायूच्या तबकडीचा व्यास दृश्य व्यासाच्या साधारण २.४ पट निघाला आणि दीर्घिका जितकी फिकट, तितके हे गुणोत्तर मोठे, असा कल पक्का झाला.