शिट्टी वाजण्यापूर्वी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. कुकडी आणि घोड या नद्यांच्या काठची इथली गावे खेळवेडी आहेत. गावाची जत्रा आली की कुस्त्यांचा आखाडा भरतो. शाळांच्या मैदानांवर कबड्डीचे सामने रंगतात. या दोन तालुक्यांत मी अनेक वर्षे शालेय कबड्डीचे पंच म्हणून काम केले. लोकांना वाटते, शिट्टी वाजली की पंचाचे काम सुरू होते. खरे तर ते त्याआधीच सुरू झालेले असते.

सामन्यापूर्वी दोन्ही संघ रांगेत उभे राहतात. पंच एकेका खेळाडूची तपासणी करतो. नखे कापली आहेत का? अंगाला तेल लावले आहे का? हातात कडे, बोटात अंगठी, गळ्यात साखळी आहे का? कबड्डीच्या नियमाप्रमाणे धातूची कोणतीही वस्तू अंगावर चालत नाही. त्याचे कारण साधे आहे. सात जण मिळून एकाला पकडतात, तेव्हा कोणाचा हात कोणाच्या डोळ्याजवळ जाईल हे सांगता येत नाही. वाढलेले नख ओरबाडते, अंगठीने गाल फाटतो. तेल लावलेले अंग हातातून निसटते, म्हणून तोही अन्यायच.

एकदा मंचरच्या एका सामन्यात रांगेतल्या एका मुलाच्या दंडावर ताईत दिसला. काळ्या दोऱ्यात ओवलेली ती छोटी चांदीची पेटी होती. मी म्हणालो, "बाळ, हा काढावा लागेल."

तो हळूच म्हणाला, "सर, अम्मीने बांधलाय. काढू नकोस म्हणाली आहे."

त्याच्या शेजारच्या मुलाच्या गळ्यात देवाचे पदक होते. तोही गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी दोघांना बाजूला घेतले आणि सांगितले, "तुमच्या घरच्यांनी हे प्रेमाने दिले आहे. त्याचा मान राहिलाच पाहिजे. पण समोरच्या मुलालाही आई आहे. तिचा मुलगा जखमी होऊ नये, एवढेच नियम सांगतो."

मुलाने स्वतःच्या हाताने ताईत सोडला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या शिक्षकांकडे दिला. दुसऱ्यानेही पदक उतरवले. दोघे मैदानात उतरले आणि मन लावून खेळले. नियम सर्वांना सारखा असेल आणि तो नीट समजावून सांगितला, तर मुले तो आनंदाने पाळतात, हे मला त्या दिवशी पटले.

पण प्रत्येक वेळी असे सोपे नसते. ओतूरच्या एका सामन्यात एका संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू गुडघ्याला जाड पट्टा बांधून आला. मी पट्टा हाताने दाबून पाहिला. आत पत्र्याची पट्टी होती. मुलगा म्हणाला, "सर, गुडघा दुखतो. याच्याशिवाय मला खेळता येत नाही." तो खोटे बोलत नव्हता. पण कबड्डीत पकड करणारा मुलगा चढाईपटूच्या गुडघ्याला मिठी मारतो. त्याचे तोंड नेमके तिथेच येते. एकाचा गुडघा सांभाळणारी ती पट्टी दुसऱ्याचे दात पाडू शकत होती. मी परवानगी दिली नाही. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याचा संघ दोन गुणांनी हरला आणि काही प्रेक्षकांनी मला चार शब्द सुनावले. मी ते ऐकून घेतले. पंचाच्या निर्णयाने खेळ हरला तरी चालेल, कोणाचे शरीर हरता कामा नये.

स्वतःच्या रक्षणासाठी घातलेली वस्तू दुसऱ्याला इजा करू शकते. हा प्रश्न केवळ कबड्डीचा नाही. रग्बी नावाचा खेळ आहे. त्यात अंडाकृती चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्धी मिठी मारून खाली पाडतात. आपल्या भागात तो फारसा खेळला जात नाही. पण पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले आहे. २०१९ साली या महिलांनी सिंगापूरला हरवून पंधरा खेळाडूंच्या रग्बीत भारताच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला.

रग्बीच्या नियमांत पोशाखाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. खांद्याला मऊ गादी चालते, पण तिची जाडी एक सेंटिमीटरच्या आसपासच असावी लागते. ती फक्त खांदा आणि गळ्याजवळचे हाड झाकते. डोक्याला मऊ टोपी चालते. मात्र बक्कल, साखळी, बिजागरी, स्क्रू किंवा कडक तुकडा असलेली वस्तू चालत नाही. आत गादी शिवलेली अर्धी चड्डीही चालत नाही. रग्बीचा पंच सामन्याआधी वस्तू पाहतो, दाबतो, तिच्यावर मान्यतेची खूण आहे का ते बघतो. खेळ चालू असतानाही एखादी वस्तू धोक्याची वाटली, तर ती काढायला लावण्याचा त्याला अधिकार आहे. तपासणीत मनाई केलेली वस्तू खेळाडूने पुन्हा घातलेली आढळली, तर त्याला मैदानाबाहेर जावे लागते.

तुम्ही विचाराल, गादी जाड असली तर काय बिघडले? इजा कमीच होईल ना? अमेरिकेतला फुटबॉल हे त्याचे उत्तर आहे. तिथे खेळाडू कडक शिरस्त्राण घालतात. डोके सुरक्षित आहे असे वाटल्यामुळे काही जण डोकेच पुढे करून धडक देऊ लागले. त्यातून मानेच्या गंभीर दुखापती होऊ लागल्या. शेवटी १९७६ साली तिथल्या शाळा-कॉलेजांच्या खेळात अशा धडकेला बंदी घालावी लागली, आणि त्या दुखापती कमी झाल्या. रग्बीतल्या मऊ टोपीचेही तसेच आहे. तिने कान आणि कातडी वाचते; पण मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. टोपी घातली म्हणून कोणी बेफिकीर झाला, तर टोपीच धोक्याची ठरते.

नियम मात्र दगडावरची रेघ नसतात. डोके झाकून खेळू इच्छिणाऱ्या मुलींना फुटबॉलमध्ये पूर्वी मनाई होती. गळ्याला फास बसेल, इजा होईल, अशी शंका होती. मग त्याची प्रत्यक्ष खेळात परीक्षा घेतली गेली आणि २०१४ साली परवानगी मिळाली. बास्केटबॉलनेही २०१७ साली तसा नियम केला. 'धोका आहे का?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, की नियम बदलायलाही वाट सापडते.

आमच्या आखाड्यांतल्या जुन्या पैलवानांचे मोडलेले कान तुम्ही पाहिले असतील. कुस्तीने त्यांना नाव दिले, तशी ती खूणही दिली. खेळात थोडी इजा होणारच. पण जी टाळता येते, ती टाळणे हे आपले काम आहे. तुम्ही खेळायला उतराल तेव्हा पंचाने हात पुढे करण्याची वाट पाहू नका. आपली नखे आपणच पाहा, आपली अंगठी आपणच काढा. समोर उभा असलेला मुलगा आज प्रतिस्पर्धी आहे, शत्रू नाही. त्याच्या शरीराची काळजी घेणारा खेळाडू हरला, तरी मैदानातून ताठ मानेने बाहेर येतो.