दुसरं आधण कशाचं?

या पानावर द्राक्ष, ऊस आणि पाणी सोडून मी फारसं लिहीत नाही. आजची नोंद जवाची आहे, पण रानातल्या जवाची नाही, डब्यात आंबवलेल्या जवाची. वाचून कुणी नाक मुरडू नका.

धाकटा पोरगा अमेरिकेत सिएटलच्या बाजूला नोकरीला आहे. खरड छाटणी, सबकेन, सगळं उरकून जूनअखेर आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडं गेलो. सप्टेंबरच्या शेवटी परत यायचं ठरलेलं, कारण फळछाटणी कुणावर टाकता येत नाही. गेलो तर पठ्ठ्यानं घरात बिअर घालून ठेवलेली. मी माळकरी. आमच्या भावकीत दारूनं दोन संसार गेलेत, दोन्ही मी डोळ्यांनी बघितलेत. पहिले दोन दिवस मी त्या डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोराच्या आईनं तर तोंडच फिरवलं.

कायद्याचं आधी सांगतो. तिकडं 1978 च्या कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक आहे. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर, आणि विकायची नाही. आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरात असलं काही करणं गुन्हा. त्यामुळं हे वाचून इकडं कुणी ड्रम मांडू नये.

तर त्याचं पहिलं आधण बाटल्यांत होतं. मित्र आले, बाटल्या फोडल्या, आणि निम्मे ग्लास सिंकमध्ये ओतले गेले. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पोराचा चेहरा मी बघितला. रात्री म्हणाला, "आबा, ही रेसिपीच भंगार होती. आता दुसरी भारीतली घालतो." मी म्हणलं, "अरे, रेसिपी भंगार हे तुला कसं कळलं?" तिथून आमचं बोलणं सुरू झालं. एरवी फोनवर आमचं "जेवलास का" आणि "पाऊस आहे का" एवढंच असतं.

मी पीत नाही, पण वास घेतला. नेलपॉलिशसारखा झोंबणारा, उग्र वास. जीवामृत बिघडलं की वासावरून कळतं ना, तसं काहीतरी बिघडलंय हे मला कळलं, का ते कळंना. मग विचारत गेलो. रेसिपी साधी होती. 3 किलो माल्टचा अर्क, दिसायला अगदी काकवी. अर्धा किलो क्रिस्टल माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव. कॅस्केड जातीचे हॉप्स, थोडे सुरुवातीला कडूपणासाठी तासभर उकळायला, थोडे शेवटी वासासाठी, कारण उकळलं की वास उडून जातो. पाणी भरून 19 लिटर. वर 11.5 ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं पाकीट. यात मला तरी काही वाकडं दिसलं नाही.

मग विचारलं, डबा कुठं ठेवला होता? तर वरच्या खोलीत, 26 अंशाला. त्या जातीच्या यीस्टला 18 ते 20 चांगलं मानतात. त्यात आंबताना डब्याच्या आत स्वतःची उष्णता तयार होते, बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश जास्त. खताचा ढीग आतून कसा तापतो, तसंच. एवढ्या उष्णतेत यीस्ट घाईनं वाढतं आणि नको ती जड अल्कोहोलं सोडतं, वास त्याचा.

हे पोराला पटलं, पण अर्धंच. त्याची यादी तयार होती. पहिली इम्पीरियल स्टाउट, काळीकुट्ट आणि जड. तिचा रस सुरुवातीलाच 22 ब्रिक्सच्या पुढं असतो. आपण द्राक्ष 18-20 ला तोडतो, यावरून अंदाज घ्या. एवढ्या साखरेत यीस्ट दमतं, आणि ती मुरायला महिने लागतात. दुसरी लागर. तिला 10-12 अंश पाहिजे, म्हणजे वेगळा फ्रीज आला, शिवाय थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवणं. ज्याला 20 अंश सांभाळता आलं नाही, त्यानं 10 च्या मागं कशाला लागावं? हे मी जरा स्पष्टच बोललो.

तिसरी होती आंब्याची. हापूसचा डबाबंद रस घालून. ही त्याच्या मनातली होती, गावाकडची आठवण म्हणून. इथं मी बराच वेळ दिला. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकणार, मग गोडी जाणार आणि मागं आंबटपणा आणि थोडा वास राहणार. हापूस म्हणून जे आपल्या जिभेवर आहे त्यातली निम्मी साखरच आहे. आणि खालची बिअर कशी होते हेच अजून ठरलेलं नाही, तर वरून आंबा घालून दोष आंब्याचा की डब्याचा, हे कळणार कसं? खुंट बदलला, जात बदलली, खत बदललं, आणि उत्पन्न घटलं तर कुणाला धरायचं?

चौथी गव्हाची. ही मला आवडली. गव्हाच्या बिअरला असं यीस्ट लागतं की त्यातून केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, केळं-लवंग न घालता. ते यीस्ट थोडी उष्णताही सोसतं. तिसरं आधण हेच घाल म्हणलं.

मग दुसरं? तेच. ग्रॅमनं ग्रॅम तेच. पोरगा म्हणाला, "आबा, तेच परत घालायला मजा काय?" मी म्हणलं, आपण प्लॉट पाडू. 19 लिटर एकाच भांड्यात उकळायचं, दोन डब्यांत निम्मं-निम्मं, यीस्टचं पाकीटही निम्मं-निम्मं. एक डबा वरच्या खोलीत, पहिल्यासारखा. दुसरा खाली, पाण्याच्या टबात, वर ओला टॉवेल, टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली. म्हणजे माठाचंच तंत्र. फरक फक्त उष्णतेचा. शिवाय चार आठवड्यांत हे बाटलीसकट होतं, म्हणजे मी असेपर्यंत. ही माझी सोयही होती, खोटं कशाला बोलू.

जुलैच्या शेवटी घातलं. रस 12.4 ब्रिक्स, त्यांच्या भाषेत 1.050. इथं द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट. आंबून झाल्यावर आपला रिफ्रॅक्टोमीटर लावू नका. अल्कोहोलमुळं तो जास्तच दाखवतो. आमचा 6 च्या वर दाखवत होता, पोरगा घाबरला की आंबणं अडकलं. तरंगणारा हायड्रोमीटर सोडला तर 1.012, म्हणजे जेमतेम 3 ब्रिक्स. वजाबाकीवरून अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास. आकडा सलग तीन दिवस हलला नाही तेव्हाच बाटल्या भरू दिल्या. साखर शिल्लक असताना भरली तर बाटली फुटते.

मधल्या काळात एक दिवस याकिमा खोऱ्यात गेलो. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स तिथं पिकतात. अठरा फुटी खांब, वर तारा, तारेवरून सोडलेली काथ्याची दोरी आणि त्यावर चढलेला वेल. आपला मांडव बघणाऱ्याला घरच्यासारखं वाटतं. डाउनी आणि भुरी दोन्ही तिथंही, बुरशी वेगळी पण डोकेदुखी तीच. पान उलटं करून बघायची सवय काही माझी सुटली नाही. कॅस्केड ही जात तिथल्या सरकारी संशोधनातली, 1972 ची. पोरगा म्हणाला, "तुम्ही बिअरपेक्षा हॉप्सच बघताय." म्हणलं, मला बिअरचं काय करायचंय?

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दोन्ही बाटल्या उघडल्या. वरच्या खोलीतलीला तोच झोंबणारा वास. टबातली स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखा वास. हॉप्सचा वास हा असा असतो, हे पोराला पहिल्यांदा कळलं. त्याच्या मित्रांना न सांगता दोन ग्लास दिले, सगळ्यांनी टबातलीवर बोट ठेवलं. पोराच्या आईनंही वास घेतला आणि "बरा आहे" म्हणाली. पोरगा दोनच ग्लास प्याला. ते मी मोजत होतो, हे त्यालाही माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याला एक वही आणून दिली. तारीख, तापमान, ब्रिक्स, वास, असे रकाने आखून. आमच्या फवारणीच्या वहीत असतात तसेच.

परवा छाटणीच्या मागं पेस्ट लावणं चालू होतं, त्याचा फोन आला. गव्हाची घातलीय म्हणाला, 20 अंशावर आहे, आणि तिसऱ्या दिवशी केळ्याचा वास यायला लागलाय. हातमोजे काढून फोन धरला होता, बाया पुढच्या ओळीत गेल्या होत्या. म्हणलं, वहीत लिहिलंस का? म्हणाला, लिहिलंय.