युरो की रुपये?

पुणे

चि. सईस,


म्युनिकला पोचल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तुझं बरंचसं इथल्या क्रेडिट कार्डावर चालेल, म्हणून सविस्तर लिहिते. बँकेत असताना परदेशी गेलेल्या मुलांची बिलं घेऊन त्यांचे आईवडील यायचे. दर वेळी वाटायचं, हे निघण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर परकीय चलनातल्या खरेदीला साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. हिशोबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धर. शंभर युरोच्या जाकिटाचे दहा हजार, मार्कअपचे ३५०, जीएसटीचे ६३. म्हणजे ४१३ रुपये वरचे. जाकीट परत केलंस तर पैसे येतील, पण त्या वेळच्या भावाने, आणि मार्कअप बहुधा बुडतोच. दोन टक्के किंवा त्याहून कमी मार्कअपची कार्डंही मिळतात. तेव्हा पॉइंट आणि लाउंज मागाहून बघ. शुल्काच्या तक्त्यातली ही ओळ आधी वाच.

सगळ्यात जपायचं ते दुकानातल्या मशीनपाशी. भारतीय कार्ड लावलं की पुष्कळदा पडद्यावर प्रश्न येतो: युरोत देणार की रुपयांत? रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे वळतं. पण रुपये निवडले की भाव तिथली चलन बदलून देणारी कंपनी ठरवते आणि आपला नफा त्या भावातच धरते. त्यात दुकान परदेशातलं, म्हणून आपल्या अनेक बँका या रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क घेतात. एकाच खरेदीत दोनदा कात्री. नेहमी युरोच निवड. विक्रेत्याने न विचारता रुपये दाबले, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांग. निवड ग्राहकाची, हा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे. तो सांगताना संकोच करू नकोस.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नकोस. रोखीचं शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. रोखीसाठी युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड ने. त्यात भाव भरतानाच पक्का होतो. मात्र झुरिकला जाऊन त्यावर फ्रँकमध्ये खर्च केलास तर सहसा चलनबदलाचं शुल्क पडतं. एटीएमनेही रुपयांत हिशोब देऊ केला तर नकार दे.

ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डाचा परदेशी वापर बंदच असतो. निघण्याआधी ॲपमधून तो सुरू कर आणि मर्यादा बेताची ठेव. जर्मनीतलं खातं उघडलं की रोजचा खर्च त्याच्या कार्डावर ने. इथलं कार्ड अडीअडचणीला राहू दे.

चार टक्के म्हणजे थोडे वाटतात. पण सगळा खर्च असाच केलास, तर दर पंचवीस दिवसांमागे एका दिवसाचा खर्च निव्वळ शुल्कात जाईल. दादाने तुझ्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलंय. त्या शुल्काचंही व्याज भरावं लागेल. काटकसर कर असं मी म्हणत नाही. जाकीट चांगलं उबदार घे, पुस्तकं घे, सुट्टीत आल्प्स बघून ये. एवढंच, की दादाच्या पैशातून तुला काहीतरी मिळावं.

पोचल्यावर कळव.

तुझी,
आत्या