काळी एक आणि ४४,१००

राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, देशभरच्या महाविद्यालयांत प्रकाशाच्या विकिरणाचे प्रयोग मांडले जातात. १९२८ साली याच तारखेशी जोडल्या गेलेल्या, कोलकात्यातील चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचे ते स्मरण असते. त्याच रामन यांनी तबला आणि मृदंग यांच्या नादावर केलेले काम त्या दिवशी सहसा कोणाला आठवत नाही. धारवाडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मराठी मुलीने ते मांडायचे ठरवले. गाण्याच्या गावात राहून तबल्याचा प्रयोग करायचा नाही, तर कुठे करायचा?

साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की निघणारे स्वर परस्परांशी जुळत नाहीत; मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट अशा वेड्यावाकड्या पटींत ते पडतात. म्हणून बहुतेक ढोलांना ठेका असतो, सूर नसतो. तबल्याच्या पुडीवरची शाई हा हिशेब बदलते. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिले आणि १९३४ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुडीची नऊ निरनिराळी कंपने पाच स्वरांत गोळा होतात आणि ते स्वर १, २, ३, ४, ५ अशा नेटक्या प्रमाणात बसतात, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी पुडीवर बारीक वाळू पसरून तिच्या रेषा टिपल्या. मुलीचा बेत याहून साधा होता. तबल्यासमोर ध्वनिवर्धक ठेवायचा, संगणकातून एकेका कंप्रतेचा शुद्ध स्वर सोडायचा आणि वाळू कोणत्या आकड्याला रेषा धरते ते लिहून घ्यायचे. तबला ज्यांचा, त्या मास्तरांनी तो काळी एकमध्ये मिळवून दिला होता.

विभागातला संगणक जुना होता. त्यावर लिनक्स चालत असे, कारण दुसरे काही त्याला पेलतच नव्हते. साउंड कार्डाची नेहमीची तार अँप्लिफायरला जोडताच ध्वनिवर्धकातून अखंड घुरघुर येऊ लागली. संगणक आणि अँप्लिफायर यांचे अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी झालेले असले की तारेच्या बाह्य आवरणातून विजेचे एक वेटोळे पुरे होते आणि घरगुती विजेची ५० हर्ट्झची लय तिच्या पटींसह स्वरात मिसळते. शुद्ध स्वरावर उभारलेल्या प्रयोगात हा पाहुणा परवडणारा नव्हता. सुदैवाने दोन्ही यंत्रांना मागे डिजिटल ध्वनीचे चौकोनी प्रकाशीय छिद्र होते. त्या मार्गाने ध्वनीचे आकडे तांबड्या प्रकाशाच्या उघडझापीने प्लॅस्टिकच्या तंतूतून जातात. तांब्याचा दुवाच उरत नाही, त्यामुळे वेटोळेही उरत नाही.

तिने केबल आणली, लावली, स्वर सोडला. काहीच ऐकू आले नाही.

अशा शांततेचा त्रास असा की ती कोणताही दोष कबूल करीत नाही. उपकरणांच्या यादीत डिजिटल निर्गम स्पष्ट दिसत होता. ‘एप्ले’ हा वादक कार्यक्रम निमूट सुरू होई, ठरल्या वेळी संपे आणि चुकीचा एक शब्दही पडद्यावर उमटत नसे. केबलचे मोकळे टोक तळहातासमोर धरले तर मात्र ते काळेच होते. म्हणजे प्रकाश निघतच नव्हता. अँप्लिफायर निर्दोष होता. तिने मिक्सरमधले आवाजाचे सगळे खांब शंभरावर नेले, तरी उपयोग झाला नाही. तो मार्ग त्या खांबांना जुमानत नव्हता. दोन दिवस यातच गेले. कोणी नवे कार्ड घ्यायला सांगितले, कोणी सगळी प्रणाली पुन्हा बसवायला.

तिसऱ्या दिवशी तिने ‘अल्सामिक्सर’चा पडदा उजव्या बाणाने सरकवत अगदी शेवटपर्यंत नेला. तिथे, एरवी दिसणाऱ्या भागाच्या पलीकडे, ‘आयईसी ९५८’ नावाचा एक रकाना होता. त्याला खांब नव्हता, फक्त खाली ‘एमएम’ ही दोन अक्षरे होती. डिजिटल ध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा जुना क्रमांक. मानकाचा क्रमांक पुढे ६०९५८ झाला, पण लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेत जुनेच नाव राहिले. आणि खोक्यावर ‘ऑप्टिकल’ वाचलेल्या माणसाला ते ओळखू येणे अवघड. ‘एमएम’ म्हणजे मूक. तिने ‘एम’ कळ दाबली, अक्षरांच्या जागी ‘००’ आले आणि केबलच्या टोकाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका तिच्या तळहातावर उमटला.

पुढचे फारसे अवघड नव्हते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर रकाना परत मूक होऊ नये म्हणून तिने मांडणी ‘अल्साकंट्रोल’कडून जतन करून घेतली. मधला ‘पल्सऑडिओ’ कधीकधी कार्ड अडवून धरी आणि ‘उपकरण व्यग्र’ असा निरोप येई. म्हणून त्याला बाजूला ठेवून तिने थेट ‘एचडब्ल्यू’ या नावाने कार्डालाच हाक मारली. शेकडो छोट्या फायली पायथनमधून बनवून ठेवल्या होत्या. त्या ओळीने वाजवताना पडद्यावर दर वेळी एक निरर्थक ओळ येते, तीही तिने गप्प राहण्याचा पर्याय देऊन बंद केली.

घुरघुर गेली होती. वाळू नाचली, थबकली, पुडीच्या मधोमध सरळ रेष धरून बसली. आकडे जमा झाले आणि त्यांची प्रमाणे १, २, ३ च्या इतकी जवळ आली की मार्गदर्शक प्राध्यापकांनी तक्ता लगेच मोठ्या कागदावर छापायला सांगितला. त्यात तिने हौसेने एक स्तंभ वाढवला होता : प्रत्येक कंप्रता हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीशी जुळते.

मास्तर तबला न्यायला आले तेव्हा त्यांनी तक्त्यातला तेवढाच स्तंभ वाचला.

“अगं, हे पांढरी सात आणि पांढरी एकच्या मध्ये काय लिहिलंयस? मी काळी एकमध्ये लावून दिला होता.”

“उतरला असेल, मास्तर. हवेने.”

त्यांनी बोटाने चाट वाजवली, क्षणभर ऐकले. “उतरलेला नाही. तुझा कागद उतरलाय.”

मास्तरांना हर्ट्झ ठाऊक नव्हते. कानाबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. ते गेल्यावर तिने गप्प केलेला वादक पुन्हा बोलता केला. पहिल्याच फायलीला इशारा उमटला : दर अचूक नाही, मागितला ४४,१००, मिळाला ४८,०००.

फायली सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने बनलेल्या होत्या. हा आकडा आला तो सीडीपूर्व काळातल्या व्हिडिओ टेपवरून : एका पडद्याच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० पडदे, ओळीत ३ नमुने. (तो २१० चा वर्गही आहे. रामन यांनी जिथे काम केले त्या कोलकात्याच्या संस्थेचा पत्ता २१०, बोबझार स्ट्रीट. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) जुन्या कार्डाचा डिजिटल निर्गम मात्र ४८,००० लाच बांधलेला होता. एरवी मधली व्यवस्था एका दराचे दुसऱ्यात रूपांतर करते. थेट ‘एचडब्ल्यू’ला हाक मारून तिने तीच वगळली होती. त्यामुळे प्रत्येक फाईल १६० भागिले १४७ इतक्या पटीने जलद वाजत होती, म्हणजे सुमारे दीड पट्टी वर. तबला खऱ्या स्वरालाच दाद देत होता, वहीत मात्र फायलीवरचे नाव लिहिले जात होते. आणि सगळे आकडे एकाच पटीने चुकल्यामुळे प्रमाणे अभंग राहिली. रामन यांचा निष्कर्ष प्रमाणांचा आहे. तो तपासून ही चूक कधीच सापडली नसती.

तिने ४४१ हर्ट्झची फाईल वाजवली आणि शेजारी प्रयोगशाळेतला ४८० चा स्वरकाटा छेडला. दोघांत एकही ठोका ऐकू आला नाही.

छापलेला कागद भिंतीवर होता, विज्ञान दिनाला चार दिवस उरले होते, आणि पट्ट्यांचा स्तंभ कापून टाकला असता तर कोणाच्या काहीच लक्षात आले नसते. एका मैत्रिणीने तसे सुचवलेही. तिने मास्तरांना दूरध्वनी करून तबला आणखी दोन दिवस मागितला, सगळ्या फायली ४८,००० च्या दराने नव्याने बनवल्या आणि वाळू पुन्हा चाळून घेतली. नव्या तक्त्यात काळी एक आली. जुना तक्ता तिने शेजारीच लावला, त्याखाली ४४१ ची फाईल लावलेला संगणक आणि ४८० चा काटा ठेवला. २८ तारखेला आलेल्या शाळकरी मुलांची वाळूपेक्षा त्या काट्यापाशी अधिक गर्दी झाली.