रीतच आहे तशी !

गेल्या वर्षीं पेन्शनांत निघाल्यावर आम्हीं एका मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाईन समाजशास्त्रवर्गांत नांव घातलें. वर्ग म्हणजे माजघरांतील मेज, त्यावर पुतणीचा जुना संगणक आणि रात्रीं साडेआठाचें व्याख्यान. शेजारीं मातोश्री लसूण सोलीत बसलेल्या. एकत्र कुटुंबांत एकट्यानें शिकतां येत नाहीं. आमच्या अभ्यासाचा लाभ घरांतील सातहि माणसांस सक्तीनें होत असतो.

कोंत, मार्क्स, वेबर हे पंधरवड्यांत येऊन गेले व टिपणवहींत त्यांची फारशी खूण उरली नाहीं. अडविलें तें एमिल दुर्खिम यानें. १८९५ सालच्या आपल्या पद्धतिविषयक ग्रंथांत तो 'सामाजिक तथ्य' म्हणून एक वस्तु सांगतो. भाषा, चलन, रूढि या कोणा एकानें निर्मिलेल्या नसतात. त्या आपल्या जन्मापूर्वींच्या असतात आणि आपणांस बांधून ठेवतात. मुकाट्यानें चालावें तोंवर बंधन जाणवत नाहीं; पाऊल वांकडें पडलें कीं जाणवतें.

त्याच आठवड्यांत आम्ही पुतणीच्या लग्नाची जाहिरात लिहीत होतों. वय, उंची, शिक्षण, आणि शेवटीं वर स्वजातीय, शक्यतों पोटजातींतील असावा, ही अट. तिनें कागद वाचून विचारलें, "काका, ही अट कोणीं घातली?"

"कोणीं म्हणजे? रीतच आहे तशी," आम्ही उत्तरलों आणि चपापलों. दुर्खिमची व्याख्या परीक्षेंतहि इतकी नेमकी सांगतां आली नसती !

पुढील पाठ डॉ. आंबेडकरांच्या निबंधावर होता. कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां, १९१६ सालीं, त्यांनीं तो वाचला. जातीचें मर्म त्यांनीं विटाळांत वा पंक्तिभेदांत मानलें नाहीं. जातीबाहेर विवाह न करणें हेंच तिचें मूळ ठरविलें. आम्ही तर आजवर स्वतःस सुधारक समजत आलों. आमच्या पंक्तीस कोणीहि बसतो; सोंवळें मातोश्रींनींच पन्नास वर्षांपूर्वीं सोडलें. या हिशेबीं आम्हीं छाटल्या त्या केवळ फांद्या. एका वर्गानें प्रथम आपलीं दारें लावून घेतलीं व इतरांनीं त्याचें अनुकरण केलें, असेंहि त्यांत आहे. तो वर्ग आमचाच, हें ऐकतांना मातोश्रींचे हात क्षणभर थांबले.

स्वाध्यायास प्रश्न आला : सामाजिक तथ्याचें स्वतःच्या जीवनांतील उदाहरण द्या. आम्हीं वडीलधाऱ्यांस नमस्कार करण्याच्या चालीवर चार पानें लिहिलीं. २० पैकीं १७ गुण मिळाले. पुतणीनें तीं पानें वाचलीं.

"छान आहे, काका," ती म्हणाली. "पण उदाहरण सोपें घेतलेंत."

जाहिरातींतील पोटजात आम्हीं खोडली आहे. 'स्वजातीय' या शब्दावर लेखणी दोनदां टेकली. दोन्ही वेळां बंधूंचें मत घ्यावें म्हणून थांबलों. बंधु म्हणाले, "दादा, तुम्ही म्हणाल तसें." कागद अद्याप संगणकाखालींच आहे.