अंगणातली सदाफुली

बारक्या तीन वर्षांचा होता. वहिनी न्हाणीत साबण लावत होती, तिचा हात कुशीवर थांबला. "भाऊजी, पाहा बरं, गोट्यावानी काय लागते?" पोराला दुखणं ना खुपणं. गावातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. आजीनं एरंडेल लावून पोट चोळलं. शेजारणीही दाबून पाहून जात.

पंधरा दिवसांनी सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आधी हेच बोलल्या, "आता कोणी पोट दाबायचं नाही." गाठ फुटली तर रोग पोटभर पसरतो. आणि आम्ही तर चोळून बसलो होतो! सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला. किडनीचा कॅन्सर, लहान पोरांतला. नाव विल्म्स ट्यूमर. 1899 साली त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या जर्मन सर्जनचं. बाई म्हणाल्या, पूर्ण उपचार घेतला तर बहुतेक पोरं बरी होतात, एका किडनीवर माणूस जगतो.

किडनी काढली. मग केमोच्या सुया. त्यातलं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात, हे ऐकून आजी म्हणाली, "मंग आपल्या अंगणातली पानं वाटून देऊ का?" बाईंनी हात जोडले. ते झाड विषारी, घरी मात्रा जमत नाही.

कापूस वेचणी आली, बारक्याही खेळायला लागला. दादा म्हणाला, "पोरगं बरं हाये, आता काहून जायचं?" वहिनी काही बोलली नाही. पोराला कडेवर घेतलं, डबा बांधला अन् सकाळच्या एस.टी.नं एकटीच निघाली. उरलेल्या सगळ्या सुयांना तीच गेली.